उंचीवरचे काम आणि ‘अकस्मात’ मृत्यू

सातारा आणि सांगली ही दोन्ही शहरे आता आडवी वाढण्याऐवजी उभी वाढू लागली आहेत. जेथे कौलारू वाडे होते तेथे तीन-चार मजल्यांच्या इमारती झाल्या. कराड, विटा, तासगाव, वाई, फलटण येथेही तोच प्रकार आहे. पुण्यामुंबईस नोकरी करणारा मुलगा गावी बंगला बांधतो, द्राक्षबागाईतदार बेदाण्याची शेड उभारतो, व्यापारी हळदीचे गोदाम वाढवितो. हे सर्व चांगलेच आहे. घर बांधणे हे आपल्याकडे आयुष्यातील मोठे कार्य समजतात. त्याची वास्तुशांत होते, जेवणावळी होतात.

परंतु ज्यांच्या हातांनी ही घरे उभी राहतात त्या माणसांचा विचार त्या जेवणावळीत होत नाही. ही माणसे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव अशा दुष्काळी तालुक्यांतून येतात, शेजारच्या विजयपूर जिल्ह्यातून येतात, आणि अलीकडे उत्तरेकडूनही येतात. त्यांपैकी एखादा परांचीवरून किंवा स्लॅबच्या कडेवरून खाली येतो. वर्तमानपत्रात चार ओळी छापल्या जातात आणि पोलीस ठाण्यात नोंद होते : ‘अकस्मात मृत्यू’. पोलिसांच्या दृष्टीने हा तपासाच्या आरंभीचा शब्द आहे; तो निकाल नव्हे. लोकांच्या मनात मात्र तोच निकाल होऊन बसतो. जे अकस्मात घडले त्याला कोण काय करणार?

बांधकाम मजुरांमध्ये संघटनेचे काम करताना आम्हांस जे दिसले त्यावरून आमचे मत याच्या उलट झाले आहे. उंचीवरून पडणे हे क्वचितच अकस्मात असते. ते आदल्या दिवशी, कधी आदल्या आठवड्यात, जमिनीवर उभ्या असलेल्या कोणा माणसाने ठरविलेले असते. कठडा बांधला नाही, फळी कमी टाकली, खड्डा उघडा ठेवला, तेव्हाच निम्मे पडणे घडून गेलेले असते. राहिलेले निम्मे घडावयास एक चुकीचे पाऊल पुरते. आणि दिवसभर चालणाऱ्या माणसाचे एखादे पाऊल चुकणारच.

दहा फूट म्हणजे किती?

लोकांची एक समजूत अशी की धोका असतो तो उंच उंच इमारतींत. ठाण्याजवळ बाळकुम येथे १० सप्टेंबर २०२३ रोजी चाळीस मजली इमारतीवरील बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा राज्यभर हळहळ व्यक्त झाली. ती योग्यच होती. पण आपल्या गावात पहिल्या मजल्याच्या स्लॅबवरून एकटा पडणारा गवंडी त्या हळहळीचा धनी होत नाही. ‘दहाच फूट तर होते,’ असे लोक म्हणतात.

हा दहा फुटांचा हिशेब एकदा मांडून पाहू. दहा फुटांवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीला लागतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. वीस फुटांवरून तो वेग ताशी ४० च्या जवळ जातो, तीस फुटांवरून ४८ होतो. ताशी २८ किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सरळ भिंतीवर घातली तर काय होईल ते कोणालाही समजते. पाऊण सेकंदात माणूस ‘अगं आई’ एवढेच म्हणू शकतो. हात धरून सावरणे त्याच्या हाती राहत नाही. डोक्यावर पडला तर दहा फूट मरणास पुरेसे आहेत.

अमेरिकेत बांधकामातील मृत्यूंची बारकाईने मोजदाद होते. तेथे एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू उंचीवरून पडल्यामुळे होतात. यंत्रे, क्रेन, वीज यांनी भरलेल्या त्या देशातही पहिला शत्रू उंचीच आहे. मग जेथे सारे काम हातांनी आणि डोक्यावरच्या पाट्यांनी चालते तेथे काय असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

माणसे पडतात ती ठिकाणे

पडण्याची ठिकाणे शोधावी लागत नाहीत. ती ठरलेलीच आहेत.

पहिले ठिकाण स्लॅबची उघडी कडा. स्लॅब टाकून झाला की त्यावर विटा चढतात, गवंडी पाठमोरा बांधकाम करतो, बिगारी सामान वाहतो, आणि कडेला काहीच नसते. पक्का कठडा शेवटी बांधायचा म्हणून तोपर्यंत कच्चाही बांधावयाचा नाही, असा रिवाज पडला आहे. वास्तविक कडेपासून थोडे आत उभे बांबू पक्के करून त्यांना कमरेच्या वर, म्हणजे साडेतीन फुटांच्या सुमारास, एक आडवा बांबू, त्याच्या निम्म्यावर दुसरा, आणि पायाशी वीतभर उंचीची फळी एवढे केले की पुष्कळ काम झाले. पायाची फळी का, असे पुष्कळ मुकादम विचारतात. विटेचा तुकडा किंवा थापी पायाने ढकलली जाऊन खालच्या माणसाच्या डोक्यात पडू नये म्हणून.

दुसरे ठिकाण स्लॅबमधील भोके : लिफ्टचा खड्डा, जिन्याची मोकळी जागा, नळांसाठी सोडलेला डक्ट. त्यावर प्लायवूडचा तुकडा नुसता ठेवलेला असतो. उघड्या भोकापेक्षाही हे वाईट. उघडे भोक निदान दिसते. सैल झाकण दिसत नाही, आणि कोणी ते सामान समजून उचलू लागला की उचलता उचलता पुढचे पाऊल भोकात पडते. झाकण खिळ्यांनी जखडावे, माणसाचे वजन पेलेल असे असावे आणि त्यावर रंगाने ‘खाली खड्डा’ असे लिहावे. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी तांबडी फुली काढावी.

तिसरे ठिकाण परांची. बांबूच्या परांचीला नावे ठेवणारे आम्ही नव्हे. नीट बांधलेली बांबूची परांची उत्तम काम देते. आमची तक्रार आहे ती अर्धवट परांचीविषयी. उभे बांबू भुसभुशीत मातीत न टेकवता खाली फळी किंवा दगड द्यावा. तिरके बांबू बांधून कैची करावी, नाही तर सारा सांगाडा एका अंगाला कलतो. परांची इमारतीला ठिकठिकाणी बांधलेली हवी. मागील वर्षीचा सुंभ यंदा वापरू नये. उन्हापावसाने तो आतून कुजतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फळ्या. एका फळीवर उभे राहून गिलावा करणारा माणूस सर्कशीतला नव्हे. फळ्या लागून लागून, रुंदी भरून टाकाव्यात आणि बांधाव्यात. फळीचे टोक आधाराच्या फार बाहेर राहिले तर त्या टोकावर पाय पडताच दुसरे टोक उचलले जाते आणि माणूस फळीसकट खाली येतो. परांचीसाठी आयएस ३६९६ हे भारतीय मानक आहे. अभियंत्यांनी ते वाचलेले असते, परंतु परांची बांधणाऱ्याला ते कोणी समजावून सांगत नाही.

आपल्या भागात येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बांधकामाचा खरा हंगाम उन्हाळ्याचा, आणि वळवाच्या पावसाचा हंगामही तोच. दुपारी आभाळ भरून येते आणि घटकाभरात असे वारे सुटते की पत्रे उडतात. अशा वेळी ‘एवढा हात मारून घे’ म्हणणारा मुकादम त्या माणसाचा जीव वाऱ्यावर टाकीत असतो. वारे सुटले की उतरावे, आणि दुसऱ्या दिवशी बांधणी पाहूनच चढावे.

चौथे ठिकाण शिडी. तिचा नियम साधा आहे : उंचीच्या चौथा हिस्सा अंतर भिंतीपासून. बारा फुटांवर टेकणारी शिडी पायाशी तीन फूट लांब हवी. जेथे उतरावयाचे तेथून ती तीन फूट वर गेलेली असावी, म्हणजे हाताला धरावयास मिळते. आणि वरचे टोक बांधलेले असावे. डोक्यावर पाटी घेऊन शिडी चढणे हे तर मुळीच नको, कारण शिडीला दोन्ही हात लागतात. आपल्याकडे हे काम बहुधा बायांच्या वाट्याला येते. एक हात पाटीला, दुसरा पदराला, आणि बाजूला सळयांची उघडी टोके. स्लॅबच्या दिवशी पहाटे सुरू झालेले काम सांधा पडू नये म्हणून रात्रीपर्यंत चालते. शेवटच्या दोन-तीन तासांत अंधार आणि थकवा एकत्र येतात. त्या दिवशी पुरेसे दिवे आणि माणसांची पाळी यांची तजवीज सकाळीच केली पाहिजे.

पाचवे ठिकाण पत्रा, आणि हे सर्वांत फसवे. मिरज, कुपवाड, सातारा, शिरवळ येथील कारखान्यांची छपरे, गोदामे, बेदाण्याच्या शेड यांवर सिमेंटचे पत्रे असतात. पावसाळ्यापूर्वी गळती काढावयास एखाद्याला वर चढविले जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगलीत अशी डागडुजी घरोघर चालली होती. जुना सिमेंटचा पत्रा दिसतो दगडासारखा आणि फुटतो पापडासारखा. उजेडासाठी मध्ये घातलेला प्लास्टिकचा पत्रा धूळ बसून इतरांसारखाच दिसतो. त्यावर पाय पडला की माणूस सरळ खालच्या फरशीवर. बोल्टांच्या रांगेवरून चालले म्हणजे भय नाही, असे कारागीर एकमेकांना सांगतात. तोल जरा ढळला की पाऊल रांगेबाहेरच पडते. दोन आधारांवर टेकतील अशा लांब फळ्या टाकून त्यावरूनच चालावे. आणि खालून शिडी किंवा घोडा लावून काम होत असेल तर वर चढूच नये.

पट्टा दिला म्हणजे झाले काय?

हल्ली कोणी विचारले की ठेकेदार एक पिवळे शिरस्त्राण आणि एक पट्टा दाखवितो. शिरस्त्राण वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते. माणूसच पडला तर त्याचा उपयोग थोडा. पट्ट्याविषयी तीन गोष्टी सांगावयास हव्यात. एक, नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्यास झेलताना कंबर आणि पोट यांनाच इजा करतो. खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. दोन, त्याची दोरी ज्या ठिकाणी अडकवावयाची ते ठिकाण माणसाचा झटका सोसेल इतके पक्के हवे. परांचीच्याच बांबूला अडकविलेला पट्टा परांचीबरोबर खाली येतो. तीन, हार्नेसमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यावे लागते, नाही तर पायांत रक्त साचून तो बेशुद्ध होऊन दगावू शकतो. त्याला खाली कोण घेणार हे आधी ठरलेले नसेल तर पट्टा अर्धाच उपयोगी.

म्हणून क्रम असा असावा : जे काम जमिनीवर होईल ते जमिनीवरच करावे, वर करणे भाग असेल तर कठडा आणि भरलेली फळी द्यावी, तेही शक्य नसेल तेथे जाळी आणि हार्नेस. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. पट्टा देऊन जबाबदारी मजुराच्या कमरेला बांधली जाते.

‘त्याचीच चूक होती’

माणूस पडल्यावर पहिले वाक्य ऐकू येते ते हे. तो घाईत होता, त्याचे लक्ष नव्हते, तो प्यालेला होता. दारूचे समर्थन आम्ही करीत नाही. सभेत आणि वस्तीवर आम्ही तिच्याविरुद्ध बोलत आलो आहोत. परंतु कठडा नसलेल्या कडेवरून शुद्धीवर असलेला माणूसही पडतो, हे विसरून चालणार नाही.

या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वजांनी फार आधी केला होता. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात आठवड्याच्या सुटीची मागणी होती हे पुष्कळांना ठाऊक आहे. कामावर जबर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, ही मागणीही त्यातच होती, हे थोड्यांना ठाऊक असते. भरपाईचा कायदा व्हावयास त्यानंतर एकोणचाळीस वर्षे लागली. तो १९२३ साली झाला.

त्या कायद्याचे तत्त्व मोठे होते. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. अपघात कामाच्या ओघात आणि कामामुळे घडला एवढे पुरे. मजूर प्यालेला होता किंवा त्याने सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, ही सबब किरकोळ इजेत चालेल. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली. तरी हे तत्त्व कायम आहे.

आता रकमेचा हिशेब. मृत्यू आल्यास मासिक वेतनाच्या निम्म्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा २०२० साली १५,००० रुपये ठरविली गेली. तीस वर्षांच्या मजुराचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८ : १५,५९,८५० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात, आणि रक्कम १८,७१,८२० होते. ही भीक नव्हे. हा हक्क आहे.

प्रत्यक्षात काय घडते? प्रेत गावी नेण्याच्या घाईत, दुःखाने बधिर झालेल्या बापाच्या किंवा विधवेच्या हातात लाख-पन्नास हजार ठेवले जातात आणि कागदावर अंगठा घेतला जातो : आमची तक्रार नाही. असे प्रकार आम्ही स्वतः पाहिले आहेत. त्या कुटुंबांना कोणी सांगत नाही की हक्क सोडून देणारा असा कागद कायद्यापुढे निरर्थक आहे. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेले पैसे, आगाऊ दिलेली थोडी रक्कम वगळता, भरपाईत धरले जात नाहीत. दाव्याला मुदत असते; जुन्या कायद्यात ती दोन वर्षांची होती. म्हणून दुखवटा संपताच कामाला लागावे.

दावा अडतो तो बहुधा एकाच जागी : हा माणूस त्या कामावर होता याला पुरावा काय? हजेरीत नाव नाही, पगार रोख, चिठ्ठी नाही. नवराबायको जोडीने काम करतात, पण मुकादमाच्या वहीत एकट्या नवऱ्याचे नाव असते. उद्या ती बाई पडली तर ती कागदावर कोठेच नसते. म्हणून आम्ही मजुरांना सांगतो : पट्ट्याच्या आधी हजेरी मागा. कामाच्या जागेचा फोटो फोनमध्ये ठेवा, बरोबरच्यांची नावे लिहून ठेवा, पगार बँकेत घ्या. आणि वर्षातून नव्वद दिवस काम केले असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा.

जाळ्यातील मोठे भोक

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला, महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले आणि कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये. पण आरंभापासून दहापेक्षा कमी मजुरांची कामे आणि मालकाने स्वतःच्या राहण्यासाठी चालविलेले लहान घर त्यातून वगळलेले होते. लहान घर म्हणजे दहा लाखांपर्यंत खर्चाचे. आताच्या संहितेत ही मर्यादा पन्नास लाख झाली आहे. सातारा-सांगलीतील किती बंगले पन्नास लाखांच्या आत होतात, हे वाचकांना आमच्यापेक्षा अधिक माहीत आहे. कोयनेसारख्या १०३ मीटर उंचीच्या धरणावर निदान अभियंत्यांचे खाते असते. दोन मजली घराच्या परांचीवर असते फक्त मुकादमाची नजर. जेथे देखरेख सर्वांत कमी, तेथेच कायद्याने पाठ फिरविली.

म्हणून भार येतो तो आपल्यावर, घर बांधणाऱ्यांवर. दुकान, गोदाम किंवा विकण्याची इमारत असे धंद्यासाठी काम देणारा मालक ठेकेदाराच्या मजुरांच्या भरपाईलाही बांधलेला असतो. स्वतःच्या घराच्या बाबतीत कायदा ठेकेदाराकडे बोट दाखवील. परंतु फरशी कोणत्या रंगाची हे ठरविणारा मालक कठडा बांधा म्हणू शकत नाही काय?

पडलेल्या माणसाला उचलताना

एक गोष्ट प्रत्येकाला ठाऊक हवी. पडलेल्याला दोघांनी काखेत धरून उठवू नये, दुमडून रिक्षात कोंबू नये. पाठीचा मणका मोडलेला असेल तर त्या हालचालीने आतला मज्जारज्जू तुटतो आणि चालू शकला असता तो माणूस जन्माचा पांगळा होतो. १०८ ला फोन करावा, डोके आणि मान स्थिर धरावी, हलविणे भागच असेल तर चार-पाच जणांनी एकदम, अंग सरळ ठेवून फळीवर घ्यावे. पायांवर पडलेल्याची टाच मोडली असेल तर कंबरही तपासावयास सांगावे. टाचेचा धक्का वर मणक्यापर्यंत जातो. डोक्याला मार लागलेला माणूस कधी कधी उठून बोलतो, चहा पितो आणि दोन तासांनी गुंगीत जातो. आत रक्त साकळत असते. ‘आता बरा आहे’ म्हणून त्याला घरी पाठवू नये. मिरज, कराड, सातारा येथे जेथे जवळ असेल तेथे दवाखान्यात न्यावे.

आमचे मागणे

मागणे फार नाही. नगरपालिका, महानगरपालिका आणि ग्रामपंचायत यांनी बांधकामाच्या परवानगीबरोबर एक कागद द्यावा : कडेला कठडा, खड्ड्यांना झाकण, परांचीला भरलेल्या फळ्या; आणि पाहणीस येणाऱ्याने नकाशाबरोबर हेही पाहावे. घरमालकाने ठेक्याच्या करारात परांची आणि कठडा यांची रक्कम वेगळी लिहावी, म्हणजे ठेकेदाराला ती वाचविण्याचा मोह होणार नाही. मुकादमाने रोज सकाळी चढण्यापूर्वी एक फेरी मारावी. मजुराने, कठडा नसेल तेथे चढण्यास एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून नकार द्यावा. एकट्याचा नकार म्हणजे उद्याची सुटलेली रोजी, हे आम्ही जाणतो.

बांबू, फळ्या आणि सुंभ यांना घराच्या एकूण खर्चात कितीसा वाटा येतो? एका खोलीच्या फरशीइतकासुद्धा नाही. एवढा खर्च ज्या घराने केला नाही, त्या घरावरून माणूस पडला तर त्या मृत्यूला अकस्मात म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.